डाव्या हाताचं पुढचं दार

हिलाल पाटलाच्या घरात देवाच्या खालोखाल मान कुणाला असेल, तर लूमच्या तेलाच्या डब्याला. हे त्याच्या बायकोचं, सरलाबाईचं म्हणणं. सुरतेतल्या डिंडोलीच्या त्या सोसायटीत तिनं ते इतक्यांदा आणि इतक्या मोठ्यानं म्हटलं होतं की वरच्या मजल्यावरची गुजराती म्हातारी जिन्यात भेटली की तब्येतीच्या आधी डब्याची चौकशी करायची.

हिलाल मूळचा दोंडाईच्याकडचा. मिसरूड फुटायच्या वयात सुरतेला आला, लूमच्या कारखान्यात शिरला आणि जॉबर म्हणून, म्हणजे बिघडलेले माग चालू करून देणारा कारागीर म्हणून, केस पिकेपर्यंत तिथंच राहिला. निवृत्त झाला त्या दिवशी शेठनं शाल घातली, नारळ दिला आणि म्हणाला, "हिलालभाई, मागो, शुं जोईए?" आता माणूस काय मागेल? कुणी मिक्सर मागेल, कुणी बायकोला साडी मागेल. ह्यानं काय मागावं? तेलाचा डबा! शेठ पोट धरून हसला. सरलाबाईनं कपाळाला हात लावला.

त्या डब्यानं पुढं घरात धुमाकूळ घातला. पंखा कुरकुरला, घाला तेल. कडी अडली, घाला तेल. एकदा तर स्वतःच्याच गुडघ्याला चोळून पलंगावर आडवा झाला. ती चादर शेवटी पायपुसणं झाली. तेल जुनं होऊन काकवीसारखं दाट झालं, तरी ह्याची श्रद्धा काही ढळेना. "अगं, ज्या तेलावर लूम चालतात त्याच्यावर जगात काहीही चालेल," असं म्हणायचा. बरं, माणूस वाईट असता तर भांडून मोकळं होता आलं असतं. पण दारू नाही, तंबाखू नाही, कुणाशी वाकडं नाही, शेजारच्याचा नळ गळला तरी स्वतः जाऊन दुरुस्त करणार. फक्त नळालाही तेच तेल लावणार.

सरलाबाई घरी शिलाई मशीनवर साड्यांना लेस लावायचं काम करायची. साड्या म्हटल्या की चमकी आली, दोऱ्यांचे तुकडे आले. एकदा ती भाजीला गेली असताना नवऱ्याला प्रेमाचं भरतं आलं आणि त्यानं मशीनच्या सगळ्या भोकांत लूमचं तेल सोडलं. आठवडा उलटायच्या आत मशीन असं गच्च बसलं की चाक तसूभर हलेना. दाट तेलात चमकी बसली, दोरे बसले आणि सगळ्याचा मिळून डिंक झाला. शेवटी तिनंच घासलेटची बाटली काढली. घासलेट सोडायचं, थोडा वेळ थांबायचं, चाक जरासं मागंपुढं करायचं, निघालेली घाण पुसायची, पुन्हा सोडायचं. सगळं साफ झाल्यावर मशीनचं ते पातळ तेल, तेही थेंबभर. मशीन भुरभुर चालायला लागलं तेव्हा हिलाल दारात उभा होता. म्हणाला, "बघ, तेलाचा गुण!"

अशा माणसापुढं काय बोलणार? गाढवापुढे वाचली गीता आणि कालचा गोंधळ बरा होता, अशातली गत.

निवृत्तीनंतर हिलालनं एक जुनी चार दारांची पांढरी गाडी घेतली. मार्केटमधून साड्यांची गाठोडी आणायची, डिंडोलीतल्या घरोघरच्या बायकांना लेस-टिकल्या लावायला पोचवायची आणि तयार माल परत न्यायचा, हा त्याचा नवा उद्योग. त्यामुळं गाडीच्या सीटखाली, दारांच्या खाचांत, जिकडंतिकडं चमकी. गेल्या पावसाळ्यात खाडी भरून आली आणि पार्किंगमध्ये दारांच्या निम्म्यापर्यंत पाणी साचून राहिलं. पाणी ओसरलं, गंज राहिला. दारं कुरकुरायला लागली, आणि हिलाल डबा घेऊन खाली उतरला.

गाडीच्या दाराला दोन बिजागऱ्यांच्या मध्ये एक लोखंडी पट्टी असते. दार उघडताना ती दाराच्या पोटातून बाहेर सरकते आणि दाराला ठरलेल्या जागी थांबवून धरते. गॅरेजवाले तिला स्टॉपर म्हणतात. हिलालनं चारही स्टॉपरच्या पोटात डब्यातलं तेल ओतलं. हिवाळ्यापर्यंत चारही दारं अशी झाली की वीतभर उघडायची आणि तिथंच हटून बसायची. मागची दारं तर पुढच्यांच्या वरताण. सरलाबाई पदर सावरून, पोट आत ओढून, आडवी होऊन मागं शिरायची आणि शिरता शिरता डब्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची.

"अहो, ते तेल घालू नका. माझ्या मशीनचं काय झालं होतं, विसरलात?" तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

हिलाल हसला होता. "गाडी म्हणजे काय तुझं शिलाई मशीन आहे का?"

झालं. त्या दिवशी सरलाबाईनं तोंडाला कुलूप घातलं. म्हटलं, करा काय करायचं ते. बुडत्याचा पाय खोलात.

हे सगळं चाललं असतं तसंच. वीतभर उघडणाऱ्या दारानं कुणी मरत नाही. पण आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली.

खानदेशात आखाजीला लेक माहेरी येते. आपल्या पायांनी येत नाही. भाऊ तिला न्यायला जातो, त्याला मुऱ्हाळी म्हणतात. मुऱ्हाळी दारात आला की सासू कितीही खाष्ट असो, लेकीची पिशवी बाहेर येतेच. हिलालची मोठी बहीण इंदुबाई सुरतेतच कतारगामला राहायची. वडील गेल्यापासून दरवर्षी आखाजीला हिलाल तिला आणायला जायचा. आधी सायकलवर, मग मोटारसायकलवर, मग ह्या गाडीतून. इंदुबाई सत्तरीला टेकली तरी ह्यात खंड नव्हता. भर कारखान्याच्या धामधुमीत मालकानं सुट्टी नाकारली होती तेव्हा हिलाल माग बंद ठेवून निघून गेला होता. तेवढं एकदाच त्यानं आयुष्यात कुणाचं ऐकलं नाही. म्हणजे सरलाबाईचं सोडून.

ह्या हिवाळ्यात इंदुबाई न्हाणीत घसरली आणि मांडीचं हाड मोडलं. हाड जुळलं, पण गुडघा वाकेना. पाय काठीसारखा सरळ. रिक्षात तो पाय मावत नव्हता. गाडीत बसायचं तर पुढच्या सीटवर, सीट पार मागं सरकवून, आणि दार सताड उघडून. आधी बूड टेकवायचं, मग पाय उचलून आत घ्यायचा.

होळीनंतर एका रविवारी हिलाल तिला रंगीत तालीम म्हणून गाडीत बसवायला गेला. सरलाबाई बरोबर होती. गल्लीत गाडी लावली. इंदुबाई काठी टेकत आली, नवं लुगडं नेसून. हिलालनं दार उघडलं. वीतभर उघडलं आणि थांबलं. त्यानं जोर लावला. दार हललं नाही. इंदुबाई म्हणाली, "मी पाह्यते," आणि तिरकी होऊन शिरायला गेली, ती सरळ पायासकट मध्येच अडकली. आत जाता येईना, बाहेर येता येईना. गल्लीतली पोरं जमली. हिऱ्याच्या कारखान्यातली माणसं खिडक्यांतून बघायला लागली. एकजण काठेवाडी हेलात म्हणाला, दाराला नाही, माजीलाच तूप लावा. सगळे हसले. हिलाल, सरलाबाई आणि इंदुबाईचा मुलगा अशा तिघांनी मिळून तिला ओढून बाहेर काढलं.

इंदुबाईनं पदर नीट केला. कुणाकडं बघितलं नाही. "ऱ्हाऊ दे भाऊ," ती म्हणाली. "मनं माहेर सरनं आते."

माहेर संपलं माझं. एवढं म्हणून ती काठी टेकत आत गेली.

हिलालनं गाडी घरी आणली. पार्किंगमध्ये उतरला, वर गेला आणि डबा घेऊन खाली आला. सरलाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तिथून आखाजीपर्यंत त्या दारानं घराचा जीव नकोसा केला. सकाळी चहाच्या आधी दार. दुपारी जेवणाचं ताट झाकलेलं आणि हा दारापाशी. मुलगा भूपेंद्र मार्केटमध्ये कामाला. तो म्हणाला, "पप्पा, टॅक्सी मंगावी लो ने. मोठी गाडी येईल, आत्या आरामात बसेल." हिलाल उसळला, "भाड्याच्या गाडीतून पाहुणे येतात. लेक आपल्या गाडीतून येते!" भूपेंद्रनं आईकडं बघितलं. आईनं छताकडं बघितलं. तरी पोरगं गुणाचं, संध्याकाळी गंज सोडवायच्या फवाऱ्याची डबी घेऊन आलं. फवारा मारला, थोडा वेळ गेला, आणि काय सांगावं, दार चांगलं हातभर उघडलं! हिलालला इतका आनंद झाला की काम पक्कं व्हावं म्हणून त्यानं वरून लूमचं तेल ओतलं. दुसऱ्या दिवशी दार पुन्हा वीतभर. येरे माझ्या मागल्या.

मग तो छिन्नी-हातोडी घेऊन बसला. सगळी सोसायटी बहिरी व्हायची वेळ आली. मग कोपऱ्यावरच्या गॅरेजमधला मगन आला. त्यानं वाकून बघितलं, पट्टीला बोट लावलं, बोट काळं झालं, ते त्यानं हिलालच्याच फडक्याला पुसलं. म्हणाला, "काका, ए तो गयुं. कापी नाखो." पट्टीच कापून टाकायची! मग दार धरायला काहीच उरणार नाही. जरा उतारावर गाडी उभी राहिली की दार सुटून त्या म्हातारीच्या मोडक्या पायावरच येऊन आदळणार. हिलाल म्हणाला, "नको. राहू दे." मगन खांदे उडवून गेला.

आणि हे सगळं चालू असताना सरलाबाईला ठाऊक होतं काय करायचं ते. तेच तेल, तीच चमकी, तोच डिंक, तोच नवरा. मशीनच्या खालच्या कप्प्यात घासलेटची बाटली होती. रेशनवरचं घासलेट बंद होऊन वर्षं झाली, पण तिनं ती बाटली जपून ठेवली होती. एक शब्द बोलली असती तर काम झालं असतं. ती बोलली नाही.

"गाडी म्हणजे काय शिलाई मशीन आहे का" हे तिच्या मनातून गेलं नव्हतं, हे खरंच. पण तेवढंच नव्हतं. इंदुबाई म्हणजे नणंद. आणि नणंद म्हणजे काय ते ज्याचं जळतं त्यालाच कळतं. आखाजीला सरलाबाईनं रात्रभर भिजवलेल्या डाळीचं पुरण वाटायचं, खापरावर मांड्यासारख्या पातळ पोळ्या करायच्या, घागर भरायची, आमरस काढायचा, आणि इंदुबाईनं पाटावर बसून पहिला घास घेताच म्हणायचं, "आईच्या हातची चव निराळीच होती." दरवर्षी! एक वर्ष तरी ती आली नाही तर सरलाबाईला दोन घास सुखाचे मिळतील, असं तिच्या मनात आलं. आलं ते आलं. खोटं कशाला बोला?

आणि त्याच्याही तळाशी एक गोष्ट होती, ती ती कुणाजवळच बोलायची नाही. हा माणूस बहिणीसाठी गाडीशी झुंजत होता. तिच्यासाठी कोण झुंजत होतं?

सरलाबाईचा धाकटा भाऊ योगराज. राहायला लांब नव्हता, इथंच सुरतेजवळ सचिन गावाला, कापडाच्या एका कारखान्यात. आई होती तोवर दर आखाजीला, इथली जेवणं उरकली की, तिला न्यायला यायचा. आई गेली, आणि त्याच वर्षी तो उशिरा आला. आखाजी झाल्यावर, दुसऱ्या दिवशी, दुपारपाळी बदलून, कुणाची तरी मोटारसायकल मागून. सरलाबाई दारातच कडाडली, "आता कशाला आलास? उरलंसुरलं खायला नेतोस का?" योगराज खाली मान घालून उभा राहिला आणि तसाच परत गेला. पुढच्या वर्षी आला नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. तो म्हणायचा, आक्कानं हाकललं. ही म्हणायची, भाऊ आहेस ना, मग हाकललं तरी ये. दोघंही हट्टाला पेटलेले. एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं.

तो आला नाही त्या पहिल्या आखाजीला सरलाबाईनं पिशवी भरून ठेवली होती. दोन साड्या, फणी, भाच्यांना खाऊ. संध्याकाळपर्यंत वाट बघितली, आणि मग ती कुणाला दिसू नये म्हणून पलंगाखाली सरकवली. इंदुबाई तेव्हा पलंगावर बसली होती. तिनं पिशवी बघितली. मिठाच्या खड्यावरून बोलणारी बाई, पण त्या दिवशी ती काही म्हणजे काही बोलली नाही. सरलाबाईला तिच्या बोलण्याचा कधी आला नव्हता एवढा राग त्या गप्प बसण्याचा आला.

आखाजी उद्यावर आली. दुपारी हिलाल गाडीपाशी घामानं भिजून, तोंड तेलानं माखून वर आला. त्यानं फोन उचलला आणि बहिणीला लावला. सरलाबाई मशीनवर होती, पण कान तिकडं होते.

"येस ना ताई, तुले न्यायला येस," तो म्हणाला. "गाडी एकदम टकाटक शे."

फोन ठेवला आणि भिंतीकडं तोंड करून आडवा झाला. आयुष्यात हा माणूस खोटं बोलला नव्हता. त्याला खोटं बोलता येतच नाही, चेहऱ्यावर दिसतं. फोनवर होता म्हणून निभावलं. थोड्या वेळानं सरलाबाईचा फोन वाजला. इंदुबाई.

"सरला, त्याले सांग, येऊ नको. गाडीचं काही व्हयेल नही, माले समजस. पुन्हा गल्लीत तमाशा नको. मी पिशवी बी भरेल नही."

"बरं ताई," सरलाबाई म्हणाली आणि फोन खाली ठेवला.

मी पिशवीसुद्धा भरलेली नाही. सरलाबाई लेस हातात धरून तशीच बसून राहिली. पिशवी भरली नाही असं कोणती बाई आपणहून सांगते? जिनं भरली आहे ती. भरली आहे, आणि बंद केली आहे, आणि कुणी बघू नये म्हणून कुठंतरी लोटून ठेवली आहे. कतारगामच्या त्या खोलीत पलंगाखाली ती पिशवी कुठल्या कोपऱ्यात असेल ते तिला इथून दिसलं. तिला नवऱ्याचा राग आला, नणंदेचा आला, भावाचा आला, सगळ्यांत जास्त स्वतःचा आला, आणि इतका राग येऊन त्याचं करायचं काय ते न कळून तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"मरो मेलं ते!" ती मोठ्यानं म्हणाली आणि उठली. मशीनखालची बाटली घेतली, लांब नळीची तेलाची कुपी रिकामी करून तिच्यात घासलेट भरलं, चिंध्यांचं बोचकं काखेत मारलं आणि जिना उतरली.

पार्किंगमध्ये कुणी नव्हतं. ती दारापाशी फतकल मारून बसली. नळी पट्टीच्या खाचेत घातली आणि घासलेट सोडलं. थांबली. दार हातानं बोटभर पुढं, बोटभर मागं केलं. जोर लावला नाही. जोर लावून लावून तर ह्या माणसानं वाट लावली होती. चिंधीवर पहिली घाण आली, काळीकुट्ट, आणि तिच्यात चमकी. सोनेरी, हिरवी, गुलाबी, किती सालांच्या साड्यांची कुणास ठाऊक. तिनं ती पुसली आणि पुन्हा घासलेट सोडलं.

"अगं, हे काय करतेस?" जिन्याच्या पायरीवर हिलाल उभा होता. "घासलेटनं तेल धुऊन जाईल सगळं!"

"जाऊ दे! धुऊन जावं म्हणूनच ओततेय." ती वळलीसुद्धा नाही. "आता एक अक्षर बोलू नका. इकडं या आणि दार धरा. मी सांगेन तेव्हा हलवा. मी सांगेन तेवढंच."

आणि लग्न झाल्यापासून बहुधा पहिल्यांदाच हिलाल पाटलानं बायकोचं ऐकलं. तो दार धरून उभा राहिला. ती म्हणाली पुढं, की पुढं. ती म्हणाली मागं, की मागं. बोटभराचं चार बोटं झालं, चार बोटांची वीत झाली. मग मधेच पट्टीनं पोटात कुठंतरी दात धरला आणि दार हटून बसलं. हिलालचा हात हातोडीकडं गेला. सरलाबाईनं फक्त बघितलं. हात मागं आला. पुन्हा घासलेट, पुन्हा थांबणं. गंजाचं पाणी तांबडं होऊन ओघळलं, काळा डिंक गोळ्यागोळ्यांनी बाहेर आला, आणि पट्टी कट्‌ करून सरकली. दार हातभर उघडलं आणि जागेवर थांबलं. आणखी थोडं, पुन्हा कट्‌, आणि दार सताड उघडलं. सताड! हिलालनं हात काढून घेतला. दार जागचं हललं नाही. स्टॉपरनं धरून ठेवलं होतं, जसं धरायला हवं तसं.

सरलाबाईनं पट्टी कोरडी पुसली आणि मशीनच्या पातळ तेलाचा एक थेंब सोडला.

हिलाल दाराकडं बघत राहिला. त्याचे डोळे भरून आले होते. नाक ओढून तो म्हणाला, "मी म्हणत होतो ना, शेवटी तेलच लागतं."

सरलाबाईच्या हातात कुपी होती. ती तिनं त्याला फेकून मारली नाही, ह्याचं पुण्य तिच्या नावावर कुठंतरी लिहिलं गेलं असेल.

मागची दारं तशीच राहिली. घासलेट तळाशी गेलं होतं, आणि पुरणाची डाळ भिजत घालायची होती. "मागचं आखाजी झाल्यावर बघू," ती म्हणाली. वर जाताना तिनं तेलाचा डबा उचलला आणि भंगारवाल्यासाठी जिन्याखाली ठेवून दिला. हिलालनं बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं.

आखाजीच्या दिवशी सकाळी हिलाल इस्त्रीचं पांढरं घालून, टोपी ठेवून निघाला. जाऊन यायला कितीसा वेळ? सरलाबाईनं घागर भरून पूजा केली, खरबूज ठेवलं, आंबे ठेवले. रस काढला. खापर तापवलं. पोळ्यांचा ढीग लागला तरी गाडीचा पत्ता नाही. फोन लावला तर उचलेना. चुलीपुढं घाम, आणि डोक्यात नाही नाही ते. दार अडलं असेल. नाही तर उतारावर सुटलं असेल. पुन्हा गल्ली जमली असेल. "कुठं उलथलात?" ती वाजणाऱ्याच फोनला विचारत होती. भूपेंद्र म्हणाला, "आई, ट्रॅफिक असेल." ती म्हणाली, "तू गप्प बस."

जेवणाची वेळ टळून गेल्यावर खाली हॉर्न वाजला. सरलाबाई पिठाच्या हातांनी जिना उतरली. गाडी पार्किंगमध्ये उभी होती आणि पुढचं डावं दार सताड उघडं होतं. इंदुबाई आधीच वळून, सरळ पाय बाहेर काढून बसली होती, मांडीवर तिची पिशवी. हिलाल बाजूला काठी घेऊन उभा.

"इतका वेळ? अहो, पोळ्यांचं चामडं झालं! फोन कशाला ठेवलाय तुम्ही? कतारगामहून यायला का दिवस लागतो?"

"आम्ही सचिनवरून आलो," हिलाल म्हणाला आणि टोपी काढून डोकं खाजवायला लागला.

"सचिनवरून? कतारगाम कुठं, सचिन कुठं! डोकं ठिकाणावर आहे का तुमचं?"

"त्याले बोलू नको," इंदुबाई म्हणाली. "मी सांगेल होतं त्याले. माले माहेरले आनाले हे दार तू मोकळं करं, ते त्यानं वाटमा सांगं. मंग मी म्हटलं, गाडी फिरव." तिनं काठी घेतली आणि उठून उभी राहिली. "सरला, मागे देख. तुना मुऱ्हाळी आनेल शे. आते जाय, पिशवी काढ. पलंगखालेच शे ना?"

सरलाबाईनं मागच्या काचेतून आत बघितलं. मागच्या सीटवर, इस्त्रीचा सदरा चुरगळलेला, घामाघूम, गुडघे छातीला टेकलेले, योगराज बसला होता. केस पांढरे झाले होते त्याचे. त्यानं दार ढकललं. दार वीतभर उघडलं आणि थांबलं. त्यानं खांदा लावला. दार जागचं हलेना.

"चढताना मी आणि त्याच्या गल्लीतल्या एकानं ढकलून आत घातला त्याला," हिलाल हळूच म्हणाला. "आता बाहेर कसा काढायचा, तेच समजत नाहीये."

वीतभर फटीतून योगराजचं तोंड दिसत होतं. खाली मान घालून तो त्या दिवशी दारात उभा होता तसाच आत्ताही बसला होता.

"आक्का," तो म्हणाला, "औंदा येळवर उनू. पण दार उघडस नही."

सरलाबाईनं पिठाचा हात फटीतून आत घातला आणि त्याचं मनगट घट्ट धरलं. बोलायला गेली तर आवाज भांडखोरच फुटला.

"बठ तठेच," ती म्हणाली. "हलू नको. बाटलीत थोडं उरेल शे. घासलेट आनस मी."